उज्ज्वला गॅस इंदूरमध्ये: कनेक्शन उत्तम, अडते ते दुसऱ्या टाकीशी

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेबद्दल वाचायला मिळते ते बहुतेक किती कोटी कनेक्शन झाली याबद्दल. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियाहून ती सुरू झाली, सप्टेंबर २०१९ मध्ये ८ कोटींचा टप्पा झाला, १० ऑगस्ट २०२१ ला महोब्याहून ‘उज्ज्वला २.०’ आली. इथे मात्र परीक्षण आहे ते घरापर्यंत येणाऱ्या सेवेचे: काय मिळते, त्यात दर्जा काय असतो, इंदूरमध्ये कुठे घोडे अडते आणि ते कसे सोडवायचे. परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिल या जुन्या गिरणी भागातल्या मराठी कुटुंबांना आणि जळगाव-बुलढाण्याकडून मजुरीला येऊन मूसाखेडी, बाणगंगेकडे राहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. घरी काम करणाऱ्या मावशींचा फॉर्म भरून देणारे राजेंद्रनगर, सुदामानगरात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठीही.

आधी निकाल सांगतो. कनेक्शन म्हणून ही योजना पैकीच्या पैकी गुण घेण्यासारखी आहे. रिफिलची सेवा म्हणून ती अर्ध्यावर अडते, कारण सवलतीचे पैसे टाकी घेतल्यानंतर खात्यात येतात आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराला आधी पूर्ण रक्कम एकरकमी मोजावी लागते. म्हणूनच आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराने १४.२ किलोच्या एका टाकीऐवजी ५ किलोच्या दोन टाक्यांचे कनेक्शन मागावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही सोय योजनेतच आहे. फॉर्म भरताना तिचा पर्याय कुणी आपणहून पुढे करत नाही.

मोफत काय येते ते नीट माहीत असावे. टाकीची अनामत, रेग्युलेटर, नारिंगी रंगाची सुरक्षा नळी, ग्राहक पुस्तिका आणि जोडणीचा खर्च सरकार भरते. २.० पासून शेगडी आणि पहिली भरलेली टाकीही विनामूल्य आहे. म्हणजे घरी पहिल्यांदा गॅस पेटेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. कुणी ‘फॉर्मचे’, ‘गाडीभाड्याचे’ किंवा लायटर-चटईचे पैसे जोडून सांगितले तर ती खरेदी ऐच्छिक आहे, नको म्हणायचे. घ्यायचीच असेल तर छापील पावती घ्यायची. कनेक्शनसोबत एसव्ही (सबस्क्रिप्शन व्हाउचर) नावाचा कागद मिळतो. तो ग्राहक पुस्तिकेपेक्षा महत्त्वाचा, कारण टाकी-रेग्युलेटर कुणाच्या नावावर किती नग दिले याची तीच नोंद. घर बदलताना, एजन्सी बदलताना, लहान टाकी मागताना हाच कागद मागतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि मूळ प्रत रेशन कार्डासोबत ठेवावी.

अर्ज बाईच्याच नावाने होतो. वय १८ पूर्ण हवे आणि त्या घरात कुठल्याही कंपनीचे एलपीजी कनेक्शन नको. लागते ते असे: आधार, रेशन कार्ड किंवा कुटुंबाची नोंद दाखवणारा कागद (मध्य प्रदेशात समग्र आयडी), घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांचे आधार क्रमांक, बँक खाते आणि वंचित असल्याचे घोषणापत्र. हे घोषणापत्र वाचून सही करा. त्यात घराचे उत्पन्न, नोकरी, वाहन यांबद्दल विधाने आहेत, आणि ‘इथे इथे सही करा’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही करणारीलाच उद्या उत्तर द्यावे लागते.

अर्ज नाकारला जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी नावावर आधीच कनेक्शन सापडणे. सून वेगळी राहते, पण समग्रमध्ये तिचे नाव अजून सासूच्या कुटुंबात असते आणि सासूकडे गॅस असतो. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या कुटुंबातून कमी केलेले नसते. समग्रमध्ये कुटुंबाचा आयडी ८ अंकी आणि माणसाचा ९ अंकी असतो. आधी कुटुंबाच्या आयडीखाली कोण कोण आहे ते बघा, वेगळे कुटुंब करायचे असेल तर नगर निगमाच्या झोन कार्यालयातून ते करून घ्या, समग्रची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) पूर्ण करा, आणि मगच गॅसचा अर्ज द्या. उलट क्रमाने गेले की अर्ज अडकतो आणि एजन्सीचा माणूसही त्यात काही करू शकत नाही.

बाहेरून आलेल्यांसाठी २.० मध्ये चांगली तरतूद आहे. महाराष्ट्रातले रेशन कार्ड आहे, इंदूरचा पत्ता कशावरच नाही, अशा स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी आणि कुटुंबाच्या तपशिलासाठी स्वघोषणापत्र चालते. भाडेकरारासाठी घरमालकाच्या मागे लागायची गरज नाही. ही गोष्ट काउंटरवर माहीत नसेल तर उज्ज्वलाच्या १८००-२६६-६६९६ या टोल फ्री क्रमांकावर तिथल्या तिथे फोन लावावा.

आता टाकी घरी येते तेव्हाचे. त्या दोन-तीन मिनिटांत जे बघायचे ते बघितले नाही तर पुढचा महिना त्रास होतो, म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

टाकीच्या वरच्या कड्याखाली तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर रिकाम्या टाकीचे वजन किलोत असते, समजा १५.८. त्यात १४.२ मिळवले की ३०.०. एवढे वजन काट्यावर भरायला हवे. टाकी आणणाऱ्याकडे वजनकाटा असणे बंधनकारक आहे आणि मागितल्यावर त्याने वजन करून दाखवायचे असते. दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त तूट दिसली तर टाकी घेऊ नये, दुसरी मागावी. दुसऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, आणि आकडे वर्षाचे. बी-२७ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी परत करायची.

मग सील. प्लास्टिकचे सील आणि त्याखाली दोऱ्याने बांधलेली पांढरी टोपी, दोन्ही शाबूत हवीत. दोरा ओढून टोपी काढली की व्हॉल्व्हच्या तोंडात काळे रबरी वॉशर दिसते. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. वॉशर चिरलेले, एका बाजूला दबलेले किंवा नसलेलेच असेल तर रेग्युलेटर बसल्यावर फुसफुस आवाज येतो आणि वास सुटतो. गळतीचे सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच, आणि दोष त्या टाकीचा असतो, रेग्युलेटरचा नव्हे. नवे वॉशर टाकी आणणाऱ्याकडे असते, ते त्यानेच बसवायचे. सुई किंवा पिन घालून घरी उकरू नये. व्हॉल्व्हची पिन दबली की गॅस थेट बाहेर पडतो.

रेग्युलेटर बसवताना त्याचे बटण बंद स्थितीत हवे. खालचे काळे कडे वर उचलायचे, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ दाबायचा, कडे सोडायचे. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. हलवून बघितल्यावर तो गोल फिरला तरी चालेल, वर निघून येता कामा नये. त्यानंतर वाटीत साबणाचे पाणी करून व्हॉल्व्हच्या सांध्यावर आणि नळीच्या दोन्ही टोकांवर बोटाने लावायचे. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून तपासणारे अजूनही आहेत, त्यांना तिथेच थांबवा. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, विजेचे बटण चालू नाही की बंद नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा क्रमांक चोवीस तास चालतो.

पैसे देण्याआधीचा शेवटचा टप्पा म्हणजे डीएसी, टाकी पोचल्याची खूण म्हणून मोबाइलवर येणारा कोड. टाकी हातात आल्यावरच तो सांगायचा. कोड आधीच फोनवर सांगून मोकळे झालात आणि टाकी आलीच नाही, तर कागदोपत्री ती तुम्हाला मिळालेली असते आणि वर्षाच्या सवलतीतली एक कमी होते. नोंदवलेला मोबाइल बहुतेक घरी नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि तो दिवसभर कामावर असतो. शक्य असेल तर घरी राहणारा नंबर नोंदवा. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला जुना नंबर बदलून घ्यायला विसरू नका, कारण नंबर लावणे आणि कोड येणे दोन्ही त्यावरच चालते.

शेगडीबद्दल थोडक्यात. आयएसआय खूण असलेल्या एलपीजी शेगडीला किमान ६८ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचवावी लागते. योजनेतली शेगडी साधी असते, पण काम चोख करते. तक्रार येते ती ज्योत पिवळी होण्याची आणि भांडी काळी पडण्याची. बहुतेक वेळा दूध किंवा डाळ उतू जाऊन बर्नरची छिद्रे बुजलेली असतात. बर्नर गार झाल्यावर काढून ब्रशने घासला की ज्योत निळी होते. नळी दीड मीटरपर्यंतचीच हवी, सांधा नको, आणि तिच्यावर छापलेले वर्ष बघून ५ वर्षांनी बदलायची. वस्तीत उंदीर नळी कुरतडतात, म्हणून महिन्यातून एकदा ती पूर्ण लांबीवर हात फिरवून बघावी.

जागेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साठतो. दहा बाय दहाच्या खोलीत शेगडी जमिनीवर आणि टाकी शेजारी उभी, ही मांडणी सर्वांत धोकादायक. शेगडी टाकीच्या व्हॉल्व्हपेक्षा वर हवी. विटांच्या दोन थप्प्यांवर कडप्प्याची फरशी ठेवली तरी काम होते. टाकी उभीच ठेवायची, आडवी कधीच नाही, आणि गॅस संपत आला म्हणून गरम पाण्यात ठेवायची नाही. ५ किलोची टाकी बुटकी असल्याने ओटाही कमी उंचीचा पुरतो.

आता पैशांकडे, कारण खरी अडचण तिथे आहे.

केंद्राची सवलत मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये होती, ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये झाली. २०२५-२६ साठी ती वर्षाला ९ टाक्यांपुरती ठेवली, त्याआधी १२ होती. वर्तमानपत्रांनी १२ च्या ९ झाल्याची बातमी केली. पण उज्ज्वलाचे घर सरासरीने वर्षाला साधारण साडेचार टाक्याच घेते, २०१९-२० मध्ये तर ३ च घेत होते. म्हणजे बहुतेक घरे या मर्यादेच्या जवळपासही पोचत नाहीत. त्यांना अडवते ती दारात मोजायची रक्कम. एप्रिल २०२५ च्या ५० रुपयांच्या वाढीनंतर टाकी दिल्लीत ८५३ रुपयांना झाली आणि इंदूरमध्ये त्याहून थोडी जास्त.

मध्य प्रदेशात त्यावर राज्याची भर आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार उज्ज्वलाच्या ग्राहक आणि स्वतःच्या नावावर गॅस असलेल्या लाडली बहना (राज्याच्या याच नावाच्या योजनेत दरमहा पैसे मिळणाऱ्या बायका) यांना टाकी ४५० रुपयांना पडते. पडते असे म्हटले, कारण एजन्सीला ४५० देऊन टाकी मिळत नाही. हिशोब असा: टाकी ८८० ची धरली तर दारात ८८० मोजायचे. केंद्राचे ३०० खात्यात येतात, उरले ५८०. त्यातले ४५० वरचे १३० राज्य देते, तेही वेगळे, वेगळ्या दिवशी. दोन्ही जमा झाल्यावर टाकी ४५० ची होते. आठवड्याला हातात पैसे येणाऱ्या घरात महिनाअखेरीस ८८० रुपये एकत्र नसतात. ४३० नंतर परत मिळणार हे माहीत असूनही टाकी थांबते, आणि लाकडे-गोवऱ्यांची चूल पेटते. चुलीचा धूर पुन्हा त्याच बाईच्या आणि तिच्याजवळ बसलेल्या मुलांच्या छातीत जातो. एवढी चांगली सामग्री घरात असताना असे व्हावे हे फार वाईट आहे.

पैसे आधी देणे अशक्य नाही. एप्रिल २०२० मध्ये गरीब कल्याण पॅकेजखाली उज्ज्वलाच्या ग्राहकांना तीन टाक्या मोफत दिल्या, तेव्हा टाकीची रक्कम आधी खात्यात जमा होत होती आणि त्यातून टाकी घ्यायची होती. तीच पद्धत सवलतीला लावली तर दारात मोजायची रक्कम अर्ध्यावर येईल.

तोवर लहान टाकीचा मार्ग आहे. ५ किलोच्या घरगुती टाकीला सवलत वजनाच्या प्रमाणात मिळते: ३०० रुपयांच्या हिशोबाने एका टाकीला १०५ रुपयांच्या आसपास, आणि मोठ्या ९ टाक्यांचा कोटा म्हणजे साधारण १२८ किलो गॅस, लहान टाकीत सुमारे २५ वेळा. किलोमागे ती थोडी महाग पडते, पण एका वेळी मोजायची रक्कम मोठ्या टाकीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. दोन टाक्या असल्याने एक संपली की दुसरी चालू होते. मोठ्या टाकीच्या एकेरी कनेक्शनमध्ये टाकी रिकामी झाली की नवी येईपर्यंत स्वयंपाक बंद, आणि त्या दोन दिवसांत चूल परत येते. शिवाय भरलेली मोठी टाकी तीस किलोच्या घरात जाते, लहान टाकी बाई स्वतः उचलून आणू शकते आणि गोदामावरून आणल्यास घरपोच शुल्काची सूटही मिळते. राज्याची ४५० ची रक्कम १४.२ किलोच्या टाकीवर ठरलेली आहे, तेव्हा बदल करण्याआधी राज्याचा हिस्सा लहान टाकीवर कसा लागेल ते एजन्सीकडून लिहून घ्या. आधीच मोठी टाकी असेल तर अर्ज देऊन, एसव्ही दाखवून ती लहान टाकीत बदलता येते. बाजारात सुट्टी मिळणारी ५ किलोची टाकी वेगळी. ती कनेक्शनशिवाय मिळते, पण तिला सवलत नाही.

‘सबसिडी आलीच नाही’ ही तक्रार आली की आधी खाते तपासावे. पैसे पुस्तिकेत लिहिलेल्या खात्यात जातील असे नाही. आधारशी जे खाते शेवटचे जोडले गेले, त्यात ते जातात. बँकेत नवे खाते उघडताना आधार जोडले की जुने आपोआप मागे पडते. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघितली की कोणती बँक लागली आहे ते कळते. सोपा उपाय म्हणजे लाडली बहनाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याचे पासबुक भरून आणणे, गॅसचे पैसेही बहुधा तिथेच सापडतात. खात्यात दोन वर्षे काहीच व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होते, मग बँकेत पुन्हा केवायसी करावी लागते.

दुसरे कारण गॅसची ई-केवायसी. उज्ज्वलाच्या ग्राहकाने ती दर आर्थिक वर्षात एकदा करायची असते, फुकट होते. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. त्यांनी अंगठ्यासाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे घालू नयेत. कंपनीचे अ‍ॅप आणि आधारचे फेस आरडी अ‍ॅप ज्याच्या मोबाइलवर असेल, त्यावर चेहरा दाखवून घरबसल्या काम होते. उजेडात, चेहऱ्यावरचा पदर मागे घेऊन, डोळ्यांची उघडझाप केली की पुरते.

गॅस जातो कुठे, हेही बघितले पाहिजे. मोठा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला दीडशे ग्रॅमच्या थोडा वर गॅस खातो. स्वयंपाकात तो फार जात नाही, विशेषतः तूर डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवली तर. जातो तो आंघोळीच्या पाण्यात. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ५७ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांचे झाले रोजचे सव्वादोनशे ग्रॅम, महिन्याचे पावणेसात किलोच्या वर, म्हणजे जवळजवळ अर्धी टाकी. दुपारी पत्र्यावर काळ्या डब्यात पाणी तापत ठेवून संध्याकाळी आंघोळ उरकली तर ही अर्धी टाकी वाचते.

गॅस वाचवायला कुणी इंडक्शन सुचवले तर आधी विजेचे बिल काढून बघा. राज्याच्या गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असेल तरच पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात, त्यावर गेले की पूर्ण बिल सवलतीशिवाय. रोज तासभर १२०० वॅटचे इंडक्शन म्हणजे महिन्याला ३६ युनिटे. ज्यांचा वापर ११० च्या खाली आहे त्यांना ते परवडेल. पंखा, टीव्ही, फ्रिज धरून १३० वर असलेल्या घराला नाही.

तक्रार करायची असेल तर ती तोंडी ठेवू नका. एजन्सीच्या तक्रार वहीत लिहा किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर टाका आणि क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तोच क्रमांक सांगून नोंदवा, राज्याच्या १३० रुपयांसारख्या हिश्शासाठी तर हीच योग्य जागा. आणि त्याच कंपनीची किंवा दुसऱ्या कंपनीची जवळची एजन्सी बदलून मागता येते, त्यासाठी नवे कनेक्शन घ्यावे लागत नाही.